५०२, ५०४ आणि मंडळी: रिव्हर्स प्रॉक्सीमागे ॲप चढवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे धरलेली मांडणी नेहमीचीच आहे: लिनक्सचा सर्व्हर, पुढे एनजिनएक्स हा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझरची मागणी घेऊन ॲपकडे देणारा मध्यस्थ, मागे नोड, जँगो किंवा पीएचपीचं तुमचं ॲप. डॉकर (ॲप कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारं साधन), अपाचे (दुसरा वेब सर्व्हर) किंवा क्लाउडफ्लेअर (साइटपुढे बसणारी प्रॉक्सी सेवा) यांमुळे जिथे गणित बदलतं तिथे तसं सांगितलं आहे. आज्ञा, सेटिंग आणि एरर उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

लॅपटॉपवर सगळं चालतं, सर्व्हरवर टाकलं की "५०२ बॅड गेटवे". सुरुवात कुठून करू?

एरर लॉगपासून. आधी काहीही बदलू नका.

५०२ चं पान दिसतंय याचा अर्थ ब्राउझरपासून एनजिनएक्सपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. डोमेन बरोबर ठिकाणी पोचतंय, ८० किंवा ४४३ पोर्ट उघडा आहे, एनजिनएक्स जिवंत आहे आणि उत्तरही देतोय. अडलंय ते एनजिनएक्स आणि तुमच्या ॲपच्या मध्ये. तरीही लोक पहिल्यांदा डीएनएस रेकॉर्ड खोडून नवे टाकतात, सर्टिफिकेट पुन्हा काढतात, क्लाउडचा फायरवॉल सगळ्यांना उघडा करून ठेवतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सर्व्हरवर "टेल -एफ /वार/लॉग/एनजिनएक्स/एरर.लॉग" लावून ठेवा आणि ब्राउझरमध्ये पान रिफ्रेश करा. साधारण अशी ओळ उमटेल:

कनेक्ट() फेल्ड (१११: कनेक्शन रिफ्यूज्ड) व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम, क्लायंट: …, रिक्वेस्ट: "गेट / एचटीटीपी/१.१", अपस्ट्रीम: "एचटीटीपी://१२७.०.०.१:३०००/"

या ओळीत तीन गोष्टी वाचायच्या. कंसातला आकडा म्हणजे अडण्याचं कारण. "व्हाइल" नंतरचे शब्द सांगतात की कुठल्या टप्प्यावर अडलं: जोडणी करताना की उत्तराची वाट बघताना. आणि शेवटचा अपस्ट्रीमचा, म्हणजे एनजिनएक्समागच्या ॲपचा, पत्ता. हा पत्ता मोठ्याने वाचा. ॲप ८००० वर ऐकतंय आणि इथे ३००० लिहिलंय, एवढाच घोळ पुष्कळदा असतो.

मग त्याच सर्व्हरवरून, तुमच्या लॅपटॉपवरून नव्हे, तोच पत्ता कर्लने, म्हणजे टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या आज्ञेने, मारा: "कर्ल -व्ही एचटीटीपी://१२७.०.०.१:३०००/". इथेही उत्तर आलं नाही तर एनजिनएक्सची फाइल बंद करा आणि ॲपकडे वळा. इथे उत्तर आलं पण एनजिनएक्समधून येत नसेल, तर दोघांमधला फरक शोधायचा: युजर वेगळा, कंटेनर वेगळा, आयपीव्ही४ की आयपीव्ही६, एचटीटीपी की एचटीटीपीएस.

कंसातल्या आकड्यांचा अर्थ काय?

ते एनजिनएक्सचे नाहीत, लिनक्स कर्नलचे आहेत, त्यामुळे कुठल्याही प्रॉक्सीमागे त्यांचा अर्थ तोच राहतो.

१११, कनेक्शन रिफ्यूज्ड: मशीनपर्यंत पोचलो, पण त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाही. नकार लगेच येतो. ११०, कनेक्शन टाइम्ड आउट: पाकीट गेलं, उत्तरच आलं नाही. एडब्ल्यूएसचे सिक्युरिटी ग्रुप नकार कळवत नाहीत, पाकीट गुपचूप टाकून देतात, म्हणून तिथे चुकीच्या नियमाचं लक्षण ११० असतं. ११३, नो रूट टू होस्ट: नाव रस्त्याचं असलं तरी बऱ्याचदा हा फायरवॉलच असतो, रेड हॅट घराण्यातला फायरवॉलडी नको असलेल्या जोडणीला असंच उत्तर देतो. १३ म्हणजे परवानगी नाही. २ म्हणजे सॉकेटची फाइलच (पोर्टऐवजी जिच्यातून एनजिनएक्स आणि ॲप बोलतात ती) त्या जागी नाही. १०४, कनेक्शन रीसेट बाय पीअर: जोडणी झाली होती, ॲपने मध्येच तोडली. आणि ११, रिसोर्स टेंपररिली अनअव्हेलेबल, हा युनिक्स सॉकेटवर दिसतो: ॲपपुढची रांग भरली आणि नवीन जोडणीला जागा उरली नाही.

रिफ्यूज्ड आणि टाइम्ड आउट यांतला फरक पक्का डोक्यात ठेवा. पहिल्यात ॲपकडे बघायचं, दुसऱ्यात, जोडणी करतानाच अडलं असेल तर, नेटवर्ककडे. "कनेक्ट होत नाही" एवढंच म्हणून दोन्ही एका पोत्यात भरले की दिवस वाया जातो.

पण ॲप चालू आहे! मग १११ कसा येतो?

"चालू आहे" हे कशावरून म्हणताय ते आधी बघू. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा व्यवस्थापक) स्टेटसमध्ये हिरवं "ॲक्टिव्ह" दिसतं, पण ॲप दर काही सेकंदांनी कोसळून पुन्हा उठत असेल तर तुम्ही बघितलं त्या क्षणी ते नेमकं उठलेलं असू शकतं. "जर्नलसीटीएल -यू" आणि पुढे सर्व्हिसचं नाव देऊन शेवटच्या पन्नासेक ओळी वाचा. पर्यावरणातला एखादा व्हेरिएबल नाही, डेटाबेसचा पासवर्ड चुकला, अशी कारणं तिथे सरळ लिहिलेली असतात. लॅपटॉपवरची डॉट-ईएनव्ही फाइल गिटमध्ये नसते आणि सर्व्हरवर कोणी ठेवलेली नसते, हे तर रोजचंच.

मग "सुडो एसएस -एलटीएनपी" चालवा. कोणती प्रोसेस कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या पोर्टवर ऐकतेय ते दिसेल. पोर्टइतकंच पत्त्याकडे लक्ष द्या.

एनजिनएक्सच्या फाइलमध्ये "लोकलहोस्ट" लिहिलं असेल तर ते १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६ चा ::१ अशा दोन्ही पत्त्यांवर उलगडू शकतं. ॲप एकाच पत्त्यावर ऐकत असेल तर लॉगमध्ये अधूनमधून [::१]:३००० रिफ्यूज्ड दिसतो आणि माणूस चक्रावतो. नोडने १७ व्या आवृत्तीपासून आयपीव्ही४ ला आधी घेणं सोडलं, त्यामुळे "लोकलहोस्ट" वर बांधलेलं ॲप फक्त ::१ वर ऐकत बसलंय असंही होतं. उपाय सोपा: दोन्हीकडे "लोकलहोस्ट" हा शब्द काढा आणि १२७.०.०.१ लिहा.

सर्व्हर रीबूट झाल्यावरच १११ येत असेल तर सर्व्हिस "स्टार्ट" केली आहे, "इनेबल" केलेली नाही.

लॉगमध्ये "१३: पर्मिशन डिनाइड" आहे. सीएचमॉड ७७७ मारलं तरी जात नाही.

७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, काढून टाका. ते कुठल्याच रोगावरचं औषध नाही.

रेड हॅट, रॉकी, अल्मा किंवा फेडोरा असेल आणि अपस्ट्रीम पोर्टवर असेल, तर हा एसई-लिनक्स, म्हणजे लिनक्सचा जादा सुरक्षा पहारा, आहे. वेब सर्व्हरने स्वतःहून बाहेर जोडणी करू नये असा तिथला मूळ नियम आहे. "सेटएसईबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १" एवढी एक आज्ञा पुरते. एसई-लिनक्स सरसकट बंद करायचा सल्ला जागोजागी मिळेल. एका स्विचने भागत असताना अख्खी सुरक्षा उतरवायचं कारण नाही.

उबंटू किंवा डेबियन असेल आणि अपस्ट्रीम युनिक्स सॉकेट असेल तर वाटेतले फोल्डर तपासा. सॉकेटवर परवानगी असून चालत नाही, तिथपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरायचा हक्क एनजिनएक्सच्या युजरला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला, लागतो. जुन्या ट्यूटोरियलमध्ये सॉकेट /होम/युजर/प्रोजेक्ट/ मध्ये ठेवलेलं असतं. उबंटू २१.०४ पासून होम फोल्डर ७५० परवानगीने तयार होतात, म्हणजे बाहेरच्याला आत डोकावताच येत नाही. म्हणून २०.०४ वर चाललेली तीच कृती २२.०४ वर १३ देते. "नेमईआय -एल" ला सॉकेटचा पूर्ण पत्ता द्या, प्रत्येक पायरीची परवानगी ओळीने दिसेल. सॉकेट होममधून हलवून /रन खाली ठेवा. सिस्टिमडीच्या फाइलमध्ये "रनटाइमडिरेक्टरी" लिहिलं की फोल्डर तोच तयार करतो.

सॉकेट /टीएमपी मध्ये ठेवलं असेल तर गंमत आणखी वेगळी. सर्व्हिसला "प्रायव्हेटटीएमपी" लावलेलं असेल तर तिला तिचा स्वतःचा /टीएमपी मिळतो. ॲपला सॉकेट दिसतं, एनजिनएक्सला दिसत नाही, आणि लॉगमध्ये २ येतो.

पीएचपीची साइट उबंटू अपग्रेडनंतर ५०२ देते.

सॉकेटच्या नावात पीएचपीची आवृत्ती असते. २०.०४ मध्ये ७.४ होतं, २२.०४ मध्ये ८.१ आलं, एनजिनएक्सची फाइल मात्र अजून ७.४ चंच सॉकेट शोधतेय. /रन/पीएचपी मध्ये काय आहे ते बघा, नाव बदला, रिलोड करा.

डॉकरमध्ये एनजिनएक्स आणि ॲप दोन्ही आहेत. बाहेरून ॲपचा पोर्ट उघडतो, एनजिनएक्समधून १११.

एनजिनएक्सच्या फाइलमध्ये प्रॉक्सी_पासपुढे, म्हणजे ॲपचा पत्ता लिहायच्या ओळीत, "लोकलहोस्ट" आहे ना? कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. एनजिनएक्स स्वतःच्याच घरात ॲप शोधतोय. तिथे कंपोज फाइलमधलं (सगळे कंटेनर जिथे मांडलेले असतात ती) सर्व्हिसचं नाव लिहा, उदाहरणार्थ "एचटीटीपी://ॲप:३०००".

पोर्ट कुठला लिहायचा यावरही गल्लत होते. कंपोजमध्ये "८०८०:३०००" लिहिलंय तर ८०८० हा तुमच्या मशीनवरचा आणि ३००० हा कंटेनरमधला. कंटेनर एकमेकांशी बोलतात ते आतल्या पोर्टवर, म्हणजे ३००० वर. खरं तर ॲप फक्त एनजिनएक्समधूनच उघडायचं असेल तर ही पोर्टची ओळच नको. डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जगाला दिसू लागतो, हे अनेकांना फार उशिरा कळतं.

तिसरी गोष्ट, ॲपने कंटेनरच्या आत ०.०.०.० वर ऐकायला हवं. जँगोचा रनसर्व्हर, फ्लास्क, व्हीट हे सगळे डेव्हलपमेंट सर्व्हर मुळात १२७.०.०.१ किंवा लोकलहोस्टवर बांधलेले असतात. मग ॲप त्याच कंटेनरमधून उघडतं, शेजारच्याला १११ मिळतो.

एनजिनएक्स कंटेनरमध्ये आणि ॲप थेट होस्टवर असेल तर "होस्ट.डॉकर.इंटर्नल" हे नाव वापरता येतं. मॅक आणि विंडोजवरच्या डॉकर डेस्कटॉपमध्ये ते आयतं मिळतं. लिनक्सवर कंपोजमध्ये "एक्स्ट्रा_होस्ट्स" खाली ते नाव आणि "होस्ट-गेटवे" लिहावं लागतं. शिवाय होस्टवरचं ॲप १२७.०.०.१ वर असेल तर कंटेनरमधून ते तरीही सापडणार नाही, ते डॉकरच्या ब्रिजच्या पत्त्यावर ऐकायला हवं.

नवी आवृत्ती चढवली की ५०२ येतो, एनजिनएक्स रिलोड केला की जातो. दर वेळी रिलोड करायचं का?

एनजिनएक्स प्रॉक्सी_पासमधलं नाव सुरू होताना किंवा रिलोड होताना एकदाच उलगडतो आणि मिळालेला आयपी धरून बसतो. कंटेनर नव्याने तयार झाला की आयपी बदलू शकतो. एनजिनएक्स जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. याची वाईट बाजू अशी की त्या पत्त्यावर दुसराच कंटेनर येऊन बसला तर ५०२ येत नाही, भलत्याच ॲपचं पान येतं.

डिप्लॉय स्क्रिप्टच्या शेवटी रिलोड घातलं तर काही बिघडत नाही, लहान सेटअपला मी तेच सुचवेन. ते नको असेल तर "रिझॉल्व्हर १२७.०.०.११ व्हॅलिड=१०एस" लिहा, हा डॉकरचा आतला डीएनएस आहे, आणि पत्ता व्हेरिएबलमध्ये ठेवून प्रॉक्सी_पासला तो व्हेरिएबल द्या. मग नाव पुन्हा पुन्हा उलगडलं जातं. फक्त व्हेरिएबल वापरला की प्रॉक्सी_पासमधल्या मार्गाचे नियम बदलतात, तेव्हा सगळे मार्ग एकदा हिंडून बघा.

याचाच भाऊ म्हणजे "होस्ट नॉट फाउंड इन अपस्ट्रीम": ॲपचा कंटेनर अजून उठलेला नाही आणि एनजिनएक्स आधीच सुरू झाला, तर तो नाव न सापडल्याने सरळ बंद पडतो. नुसतं "डिपेंड्स_ऑन" पुरत नाही, ते फक्त कंटेनर सुरू होण्यापुरतं थांबतं. हेल्थचेक लिहा आणि अट "सर्व्हिस_हेल्दी" ठेवा.

५०४ गेटवे टाइमआउट येतो. टाइमआउट ३०० सेकंद करून टाकू का?

करता येईल, पण ५०४ म्हणजे मागून उत्तर वेळेत आलं नाही, म्हणून आधी घड्याळ लावा. रिक्वेस्ट नेमकी किती सेकंदांनी तुटते यावरून कोणी तोडली ते कळतं. ६० सेकंदांना ५०४ आला तर एनजिनएक्सचा प्रॉक्सी_रीड_टाइमआउट, तो मुळात ६० सेकंद असतो. पुढे एडब्ल्यूएसचा लोड बॅलन्सर असेल तर त्याचाही मूळ आकडा ६० च आहे, म्हणजे एकच वाढवून भागणार नाही. ३० सेकंदांना तुटलं आणि ५०४ ऐवजी ५०२ आला, लॉगमध्ये "अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन" असेल, तर तो गनिकॉर्न, म्हणजे जँगोसारखं पायथनचं ॲप चालवणारा सर्व्हर, आहे. गनिकॉर्न ३० सेकंद गप्प बसलेला वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) मारून टाकतो आणि स्वतःच्या लॉगमध्ये "वर्कर टाइमआउट" लिहितो. अशा वेळी एनजिनएक्सचा टाइमआउट तासभर केला तरी फरक पडणार नाही, आणि लोक नेमकं तेच करून "काहीच होत नाही" म्हणतात.

आणखी एक: प्रॉक्सी_रीड_टाइमआउट हा पूर्ण उत्तराला लागणारा वेळ नव्हे. दोन वाचनांच्या मध्ये किती वेळ शांतता चालेल, तो आकडा आहे. थोडा थोडा डेटा येत राहिला तर दहा मिनिटांचं डाउनलोडही ६० सेकंदांच्या टाइमआउटमध्ये पार पडतं. प्रॉक्सी_कनेक्ट_टाइमआउट वेगळा, तो फक्त जोडणी होण्यापुरता आहे. एकाच यंत्रणेतल्या ॲपशी जोडायला ६० सेकंद थांबायचं काहीच कारण नाही, तो ५ वर आणा म्हणजे बिघाड लवकर कळेल.

आता मुद्द्याचं. एखादी रिक्वेस्ट खरोखरच ७० सेकंद घेत असेल तर टाइमआउट वाढवल्याने ती वेगवान होत नाही, फक्त वर्कर जास्त वेळ अडकतो. समजा पतसंस्थेचं ॲप आहे, एका वेळी एकच रिक्वेस्ट घेणारे चार सिंक वर्कर आहेत आणि ३१ मार्चला चार शाखांनी एकाच वेळी वार्षिक अहवालाचं बटण दाबलं. चारही वर्कर गुंतले. पाचव्या शाखेतला माणूस नुसतं लॉगिन करतोय, त्यालाही ५०४. टाइमआउट ३०० केला असेल तर तो पाच मिनिटं फिरणारं चक्र बघणार आणि वैतागून पुन्हा बटण दाबणार, म्हणजे रांगेत आणखी एक अहवाल. अशी कामं सेलरी किंवा तत्सम, मागच्या मागे कामं उरकणाऱ्या रांगेत टाका, लगेच "काम घेतलं" असं २०२ चं उत्तर द्या आणि अहवाल तयार झाला की लिंक दाखवा. त्याआधी डेटाबेसमध्ये कुठली क्वेरी रेंगाळतेय ते बघा; एका इंडेक्सने ७० सेकंदांचे दोन झाले तर रांगेचीही गरज नाही.

मोठ्या फाइलचं डाउनलोड किंवा वर्षातून एकदा चालवायची ॲडमिनची आयात यासाठी वाढीव टाइमआउट ठीक आहे. तो त्या एका लोकेशन ब्लॉकमध्ये (एनजिनएक्सच्या फाइलमधला त्या मार्गापुरता भाग) लिहा, सगळ्या साइटला नको.

५०२ ठरावीक वेळी नाही, मधूनच येतो. रिफ्रेश केलं की पान उघडतं.

हा सगळ्यांत चिवट प्रकार. ॲप उत्तर देता देता मेलं का, ते आधी तपासा. "डीमेसेज" मध्ये "आउट ऑफ मेमरी" आणि "किल्ड प्रोसेस" शोधा. डॉकरमध्ये कंटेनर १३७ कोडने थांबला असेल तर त्याला बाहेरून सक्तीने मारलेलं आहे, बहुधा मेमरी संपल्याने. एक जीबीच्या सर्व्हरवर डेटाबेस, ॲप आणि बिल्ड एकत्र चालवलं की हे व्हायचंच.

मेमरी ठीक असेल तर जिवंत ठेवलेल्या जोडण्यांकडे बघा. प्रॉक्सी एकदा केलेली जोडणी पुढच्या रिक्वेस्टसाठी राखून ठेवतो. नोडचा सर्व्हर मुळात ५ सेकंद रिकामी राहिलेली जोडणी बंद करतो, तर एडब्ल्यूएसचा बॅलन्सर ती ६० सेकंद वापरायच्या तयारीत असतो. नोडने दार लावलं त्याच क्षणी बॅलन्सरने त्या जोडणीवर रिक्वेस्ट पाठवली तर रीसेट, आणि युजरला ५०२. गर्दीच्या वेळी हे कमी आणि निवांत वेळी जास्त दिसतं, म्हणून लोड टेस्टमध्ये सापडत नाही. नियम एकच: मागच्याने जोडणी पुढच्यापेक्षा जास्त वेळ उघडी ठेवायची. नोडमध्ये कीपअलाइव्हटाइमआउट ६५ सेकंद करा आणि हेडर्सटाइमआउट त्याहून थोडा जास्त.

एकाहून जास्त अपस्ट्रीम असतील आणि लॉगमध्ये "नो लाइव्ह अपस्ट्रीम्स" असेल तर एनजिनएक्सचे मूळ आकडे आठवा: मॅक्स_फेल्स १, फेल_टाइमआउट १० सेकंद. एक चूक झाली की तो सर्व्हर दहा सेकंद बाजूला. एकामागोमाग दोघे बाजूला झाले की उरलं कोण? मॅक्स_फेल्स ३ वगैरे करा.

मराठी नावाची फाइल डाउनलोड करताना ५०२ येतो, इंग्रजी नावाची चालते. हे काय आहे?

अगदी आपल्या वाट्याचा प्रश्न. एचटीटीपी हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींत, देवनागरी अक्षरं थेट चालत नाहीत. तुम्ही "कंटेंट-डिस्पोझिशन" मध्ये "सातबारा उतारा.पीडीएफ" असं नाव सरळ घातलंत तर नोड "ईआरआर_इनव्हॅलिड_सीएचएआर" फेकतो. एक्सप्रेस ४ मध्ये ते असिंक हँडलरमध्ये फेकलं गेलं तर कोणी पकडत नाही, आणि नोड १५ पासून न पकडलेलं रिजेक्शन अख्खी प्रोसेस पाडतं. म्हणून ५०० ऐवजी ५०२, आणि त्या क्षणी साइटवर असलेल्या बाकीच्यांनाही तोच.

नाव "फाइलनेम*=यूटीएफ-८''" या रूपात, टक्क्यांच्या चिन्हांत एन्कोड करून द्या. एक्सप्रेसचं "रेस.अटॅचमेंट" हे स्वतःच करतं. आणि असिंक हँडलरमधल्या चुका पकडायची सोय करा किंवा एक्सप्रेस ५ वर जा, तिथे ती आहे.

मराठी पत्त्यांचं वजनही लक्षात असू द्या. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, टक्क्यांत एन्कोड केल्यावर नऊ अक्षरं. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजायचे. साठ चिन्हांचा मथळा पत्त्यात घातला की ५४० अक्षरं होतात. एखाद्या शोध-फॉर्मने असे पाच-सात रकाने गेट पद्धतीने पाठवले की "४१४", म्हणजे पत्ता मर्यादेपेक्षा लांब, फार दूर नाही. तो फॉर्म पोस्ट करा.

"अपस्ट्रीम सेंट टू बिग हेडर" म्हणजे?

ॲपने पाठवलेले हेडर एनजिनएक्सच्या बफरमध्ये मावले नाहीत. हा बफर मुळात ४ किंवा ८ केबीचा असतो. लॉगिन झाल्यावरच ५०२ येत असेल तर हाच संशय घ्या, कारण त्या वेळी युजरची ओळख सांगणारं जाडजूड टोकन कुकीत घातलं जातं. प्रॉक्सी_बफर_साइझ १६के करा, सोबत प्रॉक्सी_बफर्स आणि प्रॉक्सी_बिझी_बफर्स_साइझही जुळवा, नाहीतर एनजिनएक्स फाइलच नाकारेल. युजरचे सगळे हक्क, खाती आणि फोटोची लिंक टोकनमध्ये कोंबायची खरंच गरज आहे का, हेही विचारा.

वेबसॉकेट (ब्राउझर आणि ॲपमधली सतत उघडी जोडणी) जोडलाच जात नाही, किंवा मिनिटभराने तुटतो.

जोडलाच जात नसेल तर त्या लोकेशनमध्ये प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन १.१ आणि "अपग्रेड" व "कनेक्शन" हे दोन हेडर स्पष्ट लिहा. एनजिनएक्स ते आपणहून पुढे पाठवत नाही. मिनिटभराने तुटत असेल तर पुन्हा तेच ६० सेकंद. ॲपमधून दर ३० सेकंदांनी पिंग पाठवणं हा टाइमआउट वाढवण्यापेक्षा चांगला उपाय, कारण मोबाइल नेटवर्कही गप्प जोडण्या तोडतं.

फोटो चढवताना ४१३ येतो.

४१३ म्हणजे पाठवलेलं मर्यादेपेक्षा मोठं आहे. क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ मुळात १ एमबी आहे. मोबाइलचा एक फोटोही त्याहून मोठा असतो. १० एमबी करा.

लॉगमध्ये ४९९ दिसतात. हा कुठला कोड?

एनजिनएक्सचा स्वतःचा. युजर वाट बघून कंटाळला, टॅब बंद केला. ४९९ वाढले की ॲप मंदावलंय असं समजा, ५०४ यायच्या आधीची ही सूचना आहे.

अपाचेवर ॲप पुन्हा सुरू केलं तरी मिनिटभर ५०३ येत राहतो.

अपाचेचा मॉड_प्रॉक्सी एकदा जोडणी फसली की त्या बॅकएंडला ६० सेकंद खराब ठरवतो आणि तोवर विचारतही नाही. प्रॉक्सीपासच्या ओळीत "रिट्राय=०" किंवा "रिट्राय=५" लिहा.

क्लाउडफ्लेअर ५२१, ५२२, ५२५ असे आकडे दाखवतो.

इथे एक प्रॉक्सी वाढला, म्हणून आधी अडलेला टप्पा ओळखा. ५२१ म्हणजे तुमच्या सर्व्हरने क्लाउडफ्लेअरला नकार दिला, ५२२ म्हणजे उत्तरच दिलं नाही, ५२४ म्हणजे जोडणी झाली पण उत्तर वेळेत आलं नाही. ५२५ म्हणजे एसएसएलची बोलणी जुळली नाहीत, ५२६ म्हणजे सर्टिफिकेट ग्राह्य नाही. पहिल्या दोघांत तुमच्या एनजिनएक्सच्या लॉगमध्ये बहुधा काहीच सापडणार नाही, कारण रिक्वेस्ट तिथवर आलेलीच नसते. फायरवॉल बघा.

"टू मेनी रिडायरेक्ट्स" येत असेल तर एसएसएलचा मोड "फ्लेक्झिबल" आहे का ते बघा. त्यात क्लाउडफ्लेअर तुमच्याकडे साध्या एचटीटीपीने येतो, तुम्ही त्याला एचटीटीपीएसकडे पाठवता, तो पुन्हा एचटीटीपीनेच येतो. "फुल स्ट्रिक्ट" करा. तेही करून चक्र थांबत नसेल तर एनजिनएक्स "एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो" पाठवतोय का आणि ॲप ते मानतंय का ते तपासा; जँगोत त्यासाठी सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर आहे.

फाइल बदलली, पण काही फरकच पडत नाही.

"सुडो एनजिनएक्स -टी", मग रिलोड. फाइल चुकली असेल तर रिलोड जुन्याच सेटिंगवर चालू राहतो, म्हणून आधी -टी. तरीही फरक नाही तर मोठ्या अक्षरातला -टी चालवा. एनजिनएक्सने प्रत्यक्षात वाचलेलं सगळं कॉन्फिगरेशन तो ओकून दाखवतो. तुमची ओळ त्यात नसेल तर तुम्ही साइट्स-अव्हेलेबलमधली फाइल बदललीत आणि साइट्स-इनेबल्डमध्ये तिची लिंक नाही, किंवा तिथे लिंकऐवजी जुनी प्रत आहे.

५०२ गेला, आता ४०४ येतो.

अभिनंदन, जोडणी झाली. प्रॉक्सी_पासच्या शेवटी तिरकी रेघ आहे की नाही ते बघा. "/एपीआय/" या लोकेशनमध्ये पत्त्याअखेर रेघ असेल तर एनजिनएक्स "/एपीआय/" कापून उरलेला मार्ग ॲपला देतो. नसेल तर पूर्ण मार्ग जसाच्या तसा जातो. ॲपला कोणता हवा ते तुम्हाला माहीत.

हे सगळं करून झालं. मदत मागताना काय पाठवू?

स्क्रीनवरच्या ५०२ च्या पानाचा फोटो नको, त्यात काहीच नसतं. एरर लॉगमधली पूर्ण ओळ, "एसएस -एलटीएनपी" मधली तुमच्या ॲपची ओळ, सर्व्हरवरून मारलेल्या कर्लचं उत्तर, संबंधित सर्व्हर ब्लॉक आणि ॲपच्या लॉगमधल्या त्याच मिनिटाच्या ओळी, सगळं मजकूर म्हणून. वेळा जुळवताना सर्व्हर यूटीसीवर असेल तर आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो. पाठवण्याआधी लॉगमधले पत्ते नीट वाचा. पासवर्ड रीसेटची लिंक आणि टोकन प्रश्नचिन्हानंतर तसेच पडलेले असतात, ते खोडा.